माळव्यातील तीन दिवस

पावसाळा सरला, नद्यांचे पूर ओसरले आणि वाटा वाळू लागल्या की मराठी माणसाचे पाऊल घराबाहेर पडते. ही रीत आजची नव्हे. दसऱ्याला शिलंगणाचे सोने लुटायचे आणि सीमेपलीकडे निघायचे, असा अठराव्या शतकातल्या आपल्या फौजांचा शिरस्ता होता. त्यामागे धर्माइतकाच व्यवहारही होता. आश्विनापूर्वी नर्मदा-तापीला उतार मिळत नसे आणि काळ्या जमिनीत घोड्यांचे खूर रुतून बसत. आश्विनात वाट मोकळी होई, रानात वैरण मुबलक असे, आणि मग खानदेश ओलांडून फौजा माळव्यात उतरत.

आम्हीही माळव्यालाच निघालो होतो, पण दसऱ्यापूर्वी आणि कोणतेही सोने लुटण्याची उमेद न बाळगता. पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी नवे काही आरंभीत नाही, प्रवासही शक्यतो टाळतात. आमच्या प्रवासाचे कारण मात्र पितृपक्षाचेच होते. माझे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा जन्म धारचा. सर्वपित्री अमावास्येला महेश्वरी नर्मदेच्या घाटावर त्यांच्या नावाने पाणी सोडावे, असे मी मनाशी ठरविले होते. हा बेत मी आत्याच्या कानावर घातला, तेव्हा तिने जपमाळ बाजूला ठेवली आणि विचारले, "धारवरून जाणार असशील ना?" मी होय म्हटले. "मग मी येते," ती म्हणाली.

श्रोतेहो, या एका वाक्याचे मला किती आश्चर्य वाटले हे सांगायचे, तर घरातली एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तीही धारलाच जन्मली आणि 1963 साली लग्न होऊन पुण्यास आली. आजोबांच्या मागे धारचा वाडा दोघा भावंडांचा झाला. आत्याने विश्वासाने हक्कसोडपत्रावर सही केली आणि 1978 साली वडिलांनी तो वाडा विकला. गावातला एक व्यापारी चांगली किंमत देऊ करीत होता, हे आत्याच्या कानावर आले होते. वाडा गेला तो मात्र त्याहून पुष्कळ कमी पैशांत, आणि तेही कोणाला, कसा, हे वडिलांनी कधी सांगितले नाही. तिने एकदाच विचारले. "जे मिळायचे ते मिळाले," एवढेच उत्तर आले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे आत्या दर भाऊबीजेला आमच्या घरी येत राहिली, वडिलांना ओवाळीत राहिली. पण धारचे नाव त्या दोघांच्या बोलण्यात पुन्हा निघाले नाही. आम्हां मुलांनाही ते नाव घरात काढायचे नाही, हे कोणी न सांगता समजले होते.

रात्रीच्या गाडीने आम्ही इंदूरला उतरलो आणि तेथून तीन दिवसांसाठी एक मोटार ठरविली. सारा प्रवास तीनशे किलोमीटरच्या आसपास. पहिल्या दिवशी देवास, दुसऱ्या दिवशी धार आणि मांडू, तिसऱ्या दिवशी महेश्वर. मोटारीचा चालक देवासजवळच्या एका खेड्यातला तरुण होता. आत्याला तो पहिल्या क्षणापासून 'मांजी' म्हणू लागला.

इंदूरात सकाळी पोहे खाल्ल्यावाचून कोणी गाव सोडीत नाही. वाफेवर ठेवलेले मऊ पोहे, वर शेव, बारीक कांदा, जीरावण नावाचा मसाला, आणि शेजारी गरम जिलेबी. आत्याने पहिला घास घेतला आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळले, की पुण्यात साठ वर्षे पोहे खाऊनही तिच्या जिभेचे घर येथेच राहिले होते.

गाव मागे पडले आणि दोन्ही बाजूंना शरद ऋतू पसरला. आकाश असे धुतलेले, की त्याकडे पाहताना डोळ्यांना थंडावा वाटावा. नाल्यांच्या कडेने काशाचे पांढरे तुरे उभे होते. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना, नजर जाईल तेथवर, सोयाबीनची शेते पिवळी पडून कापणीला आली होती. काही ठिकाणी कापलेल्या पिकाचे ढीग रचले होते. कोठे मळणीयंत्राच्या तोंडून भुशाचा धूर निघत होता.

"हे सगळे माझ्या वेळी नव्हते," आत्या म्हणाली. "या दिवसांत रान काळे असायचे. मोकळे."

तिची आठवण खरी होती. माळव्याची जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात तिच्यात औत चालणे कठीण. म्हणून पूर्वी शेतकरी पुष्कळशी जमीन खरिपात मोकळी ठेवी, पावसाचे पाणी तिच्यात मुरू देई, आणि त्या ओलीवर पुढे गहू-हरभरा पेरी. विहिरीचे पाणी न लागता पोसलेला माळव्याचा गहू दूरवर नाव मिळवून होता. पावलोपावली पाणी आणि घरोघर भाकरी, अशी या भूमीची ख्याती तिकडच्या लोकांच्या तोंडी आहे. 1970 नंतरच्या दशकांत सोयाबीन आले आणि मोकळ्या राहणाऱ्या रानांत ते पाहता पाहता पसरले. खरिपाचा पैसा हाती आला. मग रब्बीतही अधिक पाणी हवेसे झाले. विहिरी खोल गेल्या, त्यांच्या जोडीला कूपनलिका आल्या, आणि पावलोपावली पाणी असणाऱ्या या मुलखात 1990 साली देवास शहराला आगगाडीने पाणी पुरविण्याची पाळी आली. त्यानंतर, विशेषतः 2006 पासून, देवासच्या शेतकऱ्यांनी आपल्या रानांत हजारो तळी खोदली आणि पावसाचे पाणी पुन्हा अडवू लागले. चालकाने आपल्या गावाच्या दिशेने बोट दाखवून सांगितले, की त्याच्या बापानेही रानाचा एक तुकडा तळ्यासाठी सोडला आहे. "जमीन गेली, पण रान वाचले," असा त्याचा हिशेब होता.

त्याचे एक लक्ष मात्र सारखे आकाशाकडे होते. पाच बिघ्यांतले सोयाबीन कापून रानात पडले होते आणि नैर्ऋत्येला एक ढग दिसत होता. परतीचा पाऊस कापल्या पिकावर पडला, तर शेंगा काळ्या पडतात, दाणा फुगतो, भाव उतरतो. आम्हांला जो शरद नेत्रसुखद वाटत होता, तो त्याच्या घरी छातीत धडकी भरवीत होता. प्रवासी आणि शेतकरी एकाच आकाशाखाली असतात, पण ते एकच आकाश पाहत नाहीत.

बोलता बोलता त्याने विचारले, "मांजी, कुंवार लागला, तुमच्याकडे अजून भादवाच ना?" आत्या हसली. हा हिशेब तिला पाठ होता. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून पितृपक्षाचा हा कृष्णपक्ष आपल्या पंचांगात भाद्रपदाचा, तर त्यांच्या पंचांगात आश्विनाचा. शुक्लपक्ष आला की दोघांचे महिने पुन्हा एक होतात. "लहानपणी घरात भाद्रपद असायचा आणि उंबऱ्याबाहेर कुंवार," ती म्हणाली. "आम्हांला त्यात काही अवघड वाटत नसे." चंद्र एकच, तिथी एकच, नावे तेवढी दोन. माळव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांच्या जीवनाचे याहून नेमके वर्णन मी कोठे वाचलेले नाही.

देवास हे गाव मुळातच दोन नावांचे. 1728 साली बाजीराव पेशव्यांबरोबर आलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या बंधूंचा अंमल येथे बसला आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. दोन राजवाडे, दोन दरबार, आणि सरहद्द गावाच्या रस्त्यांतून जाणारी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांकडे काही काळ चिटणीस होते. त्यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाला येथल्याच टेकडीचे नाव दिले. त्या टेकडीवर दोन देवी आहेत. त्यांतल्या थोरलीला तुळजाभवानी म्हणतात, धाकटीला चामुंडा. नवरात्र तीन दिवसांवर आले होते. पायऱ्या धुतल्या जात होत्या, दुकानांच्या पताका चढत होत्या.

याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे 'भानुकुल' हे घर आहे. बेळगावजवळच्या कानडी घरात जन्मलेला, मुंबईत शिकलेला हा गायक 1948 साली क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आला. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर पडत राहिली ती वाटेने जाणाऱ्या बायकांची मालवी गाणी आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. औषधाने आजार हटला, पण कानांनी जे साठविले होते ते गळ्यातून बाहेर आल्यावाचून राहिले नाही. 1992 साली ते येथेच निवर्तले. बरे झाल्यावर मुंबईला परतणे त्यांना अशक्य नव्हते. ते परतले नाहीत. आजारी माणूस हवापालटासाठी जेथे जातो, तेथून बरा झाला की निघतो. ते मात्र तेथलेच झाले. आत्या त्या घरापुढे थोडा वेळ उभी राहिली. लहानपणी तिच्या वडिलांनी तिला एका मैफलीला नेले होते म्हणे. गाणे आठवत नव्हते, एवढेच आठवत होते की ती दादाच्या मांडीवर झोपी गेली होती. दादा, म्हणजे माझे वडील. त्यांचे नाव तिने या प्रवासात प्रथमच घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धारचा रस्ता धरला. जसजसे गाव जवळ येऊ लागले, तसतशी आत्या बोलेनाशी झाली.

धार, म्हणजे भोजराजाची धारानगरी. परमारांचे राज्य गेले, सुलतानांचे आले, मोगलांचे आले. 1728 साली अमझेऱ्याजवळ चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदाराचा पराभव केल्यावर मराठ्यांचा पाय माळव्यात पक्का रोवला गेला, आणि धार पवारांकडे आले. येथल्याच किल्ल्यात आनंदीबाई आश्रयाला असताना 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. मराठी राज्याच्या अखेरच्या पेशव्याने पहिला श्वास घेतला तो माळव्याच्या हवेत, हे पुण्यात फारसे कोणाच्या ध्यानात नसते. लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत. शेकडो पावसाळे त्यांनी अंगावर घेतले आहेत.

संस्थानी अमलात येथे कारकून, मास्तर, वैद्य, उपाध्ये अशी कितीतरी मराठी घरे होती. 1948 साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, 1956 साली मध्यप्रदेश झाला, दरबारची चाकरी संपली. मुले इंदूर, मुंबई, पुणे करीत पांगली. आमचे घर त्यांपैकीच एक.

आत्याला पत्ता विचारावा लागला नाही. बाजारातून डावीकडे, एका गिरणीवरून पुढे, असे ती चालकाला सांगत गेली. गिरणी नव्हती, तेथे मोबाइलचे दुकान होते. पण वळण होते तेथेच होते. वाड्याची पुढली बाजू पाडून तेथे सिमेंटचे दोन मजले चढले होते. आत्या मोटारीतून उतरेना. "पाहिले ना, पुरे," ती म्हणाली. तेवढ्यात बोळाच्या बाजूने मुलींच्या गाण्याचा आवाज आला आणि ती एकदम खाली उतरली.

मागली बाजू जुनीच होती. मातीच्या भिंतीवर शेणाने संजा काढली होती. पितृपक्षाच्या सोळा संध्याकाळी माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाच्या आकृती काढतात आणि त्या फुलांनी सजवितात. कधी चंद्र-सूर्य, कधी स्वस्तिक, कधी डोकरा-डोकरी. शेवटच्या दिवसांत किलाकोट, म्हणजे तटबंदीचा मोठा किल्ला. त्याच्यात आधीची सारी चित्रे एकत्र येतात, आणि अमावास्येला संजेचे विसर्जन होते. गाणी सासर-माहेरची, प्रसाद ओळखण्याचा खेळ. विदर्भ-खानदेशातली भुलाबाई, देशावरचा भोंडला आणि ही संजा, या तिघी बहिणी आहेत, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. आता पुष्कळ घरी बाजारातून आणलेली कागदी संजा चिकटवितात. येथे मात्र शेण होते, आणि दोन मुली शाळेला सुटी म्हणून सकाळपासूनच किलाकोटाची तयारी करीत होत्या. त्यांच्या पुढ्यातल्या सुपात पारिजातकाची फुले होती.

आत्याने विचारले, "फुले कोठून आणली?" मुलीने आत बोट दाखविले.

आतून एक सत्तरीचे गृहस्थ आले. आत्याने आपले माहेरचे आडनाव सांगितले, तेव्हा त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला आणि "जीजी" एवढेच म्हणाले. मग तिनेही त्यांना ओळखले. वाड्याच्या खालच्या दोन खोल्यांत एक शिवणकाम करणारे कुटुंब भाड्याने राहत असे. त्या घरचा हा मुलगा. ती लग्न होऊन गेली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता.

चहा झाला आणि ते बोलू लागले. मालवी-हिंदीत बोलत होते, मी आपल्या भाषेत सांगतो. 1978 साली व्यापाऱ्याने वाड्याला मोठी किंमत देऊ केली, पण त्याला तो रिकामा हवा होता. यांचे वडील नुकतेच वारले होते. घरात विधवा आई, चार भावंडे, एक शिवणयंत्र. माझे वडील पुण्याहून आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "हे घर तुम्हीच घ्या." त्या माउलीने सांगितले, की आमच्याजवळ पैसे नाहीत. "आज जे आहे ते द्या, बाकीचे जमेल तसे." अकरा वर्षे हप्ते गेले. कधी पन्नास रुपये, कधी तीस. कागद केला नाही, व्याज घेतले नाही. एक अट मात्र आईने घातली होती : आम्हांला कोणी दान घेतले असे म्हणू नये, म्हणून ही गोष्ट कोणाला सांगायची नाही. "भाईसाहेबांनी कबूल केले," ते म्हणाले, "आणि पाळले असावे, कारण आज तुम्हांला हे नवीन दिसते आहे."

आत्या काही बोलली नाही.

त्यांनी देव्हाऱ्यामागून एक कार्ड काढून आणले. पंधरा पैशांचे, पिवळे पडलेले, 1989 सालचे. वडिलांचे अक्षर मी लगेच ओळखले. हिंदीत तीन वाक्ये होती. शेवटचे पैसे पोचले. आता घर सर्वस्वी तुमचे. विहिरीजवळचा पारिजातक शक्य तर तोडू नये, तो माझ्या बहिणीने लावलेला आहे.

मूळचे झाड राहिले नव्हते. खोड कधीच वाळून गेले. पण बुंध्यातून फुटलेला धुमारा त्यांनी जपला होता आणि त्याचेच आता झाड झाले होते. विहीर बुजवून वर जाळी टाकली होती. तिच्या फरशीवर पहाटेचा सडा अजून पडलेला होता.

श्रोतेहो, धारेला पारिजातक नवा नाही. 1903 साली येथल्या एका शिळेवर 'पारिजातमंजरी' नावाची संस्कृत नाटिका कोरलेली सापडली. धारचे काशिनाथ कृष्ण लेले यांनी ती उजेडात आणली. तेराव्या शतकात अर्जुनवर्म्याच्या दरबारातल्या मदन कवीने ती रचली. रणांगणावर राजाच्या छातीवर पारिजाताचा मंजर पडतो आणि त्याची एक युवती होते, अशी तिची कथा. नाटिका चार अंकांची. पहिले दोन शिळेवर मिळाले, उरलेले दोन मिळाले नाहीत. घराघरांतल्या गोष्टींचेही बहुधा असेच होते. मिळालेल्या दोन अंकांवरून आपण उरलेले दोन मनाने रचतो, आणि मग तेच खरे धरून वर्षानुवर्षे चालतो. आत्याने पंचेचाळीस वर्षे असेच एक नाटक मनाशी बाळगले होते. त्यात तिचा भाऊ अप्पलपोटा ठरला होता.

निघताना त्या मुलींनी तिला किलाकोटात एक फूल लावायला सांगितले. तिने लावले. मग त्यांच्या गाण्याची दुसरी ओळ तिने त्यांच्याआधी म्हटली आणि मुली चकित होऊन पाहू लागल्या. फरशीवरची मूठभर फुले वेचून तिने रुमालात बांधून घेतली.

मांडू धारपासून पस्तीस किलोमीटर. तेथले वैभव पाहायला एक दिवस पुरत नाही आणि आमच्याजवळ तर एक दुपार होती. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामधला जहाज महाल पाऊसकाळ संपता संपता पाहावा. दोन्ही तळी तुडुंब असतात आणि महाल खरोखरीच पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. डोंगरमाथ्यावर नदी नाही. जे पाणी आहे ते आकाशातले. गच्चीवरून पन्हळींनी खाली आणलेले, हौदांत साठविलेले, तळ्यांत अडविलेले. चालकाने त्या नागमोडी पन्हळी बारकाईने पाहिल्या आणि आपल्या बापाच्या तळ्याशी त्यांचे नाते तेथेच जुळविले.

रस्त्यात ठिकठिकाणी गोरखचिंचेची अवाढव्य झाडे होती. खोड हत्तीसारखे फुगीर, फांद्या आखूड. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. ते येथे आले आणि असे रुजले, की लोक त्याच्या फळाला 'मांडूची चिंच' म्हणतात. नावात आता परकेपण उरलेले नाही.

रूपमतीच्या मंडपातून खाली निमाडचे मैदान दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर फार दूर नर्मदेची रेघ. शरदाने ती कृपा केली. आत्या कठड्याला धरून बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "त्याने मला सांगायला हवे होते रे." थोड्या वेळाने म्हणाली, "मीही पुन्हा विचारायला हवे होते." यावर मी काय बोलणार होतो?

तिसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही विंध्याचा उतार उतरलो. मांडूपासून महेश्वरपर्यंत सुमारे साडेचारशे मीटर खाली यावे लागते. हवा उबदार होते, सोयाबीन मागे राहते, कापसाची बोंडे आणि मिरचीची शेते लागतात, आणि मालवीची निमाडी होते. चालकाला गावाकडून निरोप आला होता. रात्री तिकडे पावसाची एक सर येऊन गेली, पण शेजाऱ्यांनी धावून जाऊन ढिगावर ताडपत्री घातली होती. तो त्या सकाळी प्रथमच शीळ घालीत गाडी चालवीत होता.

महेश्वर अहल्याबाईंचे. नगर जिल्ह्यातल्या चौंडीत 1725 साली जन्मलेली ही मुलगी होळकरांच्या घरात आली. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती गेला, 1766 साली सासरे गेले, पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा गेला. त्यानंतर 1795 सालापर्यंत, दोन तपांहून अधिक काळ, तिने येथून राज्य केले. काशी, गया, सोमनाथ येथली तिची बांधकामे साऱ्या देशाला ठाऊक आहेत. तिची येथली गादी मात्र अशी साधी आहे, की पाहणारा खजील व्हावा. गावात हातमागांचा आवाज चालू असतो. महेश्वरी लुगड्याच्या काठावर विणकर नर्मदेच्या लाटा उतरवितात. हा माग मध्यंतरी थंडावला होता, 1970 नंतरच्या दशकात तो पुन्हा चालता झाला.

अमावास्येचा दिवस. घाटावर निमाडी खेडुतांची दाटी होती. गुरुजी मंत्र सांगत होते, मी पाणी सोडीत होतो. वडिलांचे नाव, आजोबांचे, पणजोबांचे. दर्भ, तीळ आणि नर्मदेचे गार पाणी. आत्या दोन पायऱ्या वर बसली होती. माझे झाल्यावर ती सावकाश खाली आली, पाण्यात उभी राहिली आणि तिने रुमाल सोडला. पारिजातकाचे आयुष्य एका पहाटेचे. फुले काळवंडून गेली होती. केशरी देठ तेवढे ओळखू येत होते. ती तिने ओंजळीने पाण्यावर सोडली.

सर्व फुलांत हे एकच फूल असे आहे, की जमिनीवरून वेचलेलेही देवाला चालते. मला वाटते, पितरांनाही ते चालत असावे. उशीर होऊन, सुकून, जमिनीवरून वेचून आणलेले.

"काय म्हणालीस?" मी तिला विचारले.

"काही नाही. भाऊबीजेला ओवाळताना म्हणते तेच म्हटले. औक्षवंत हो असे तेवढे म्हटले नाही."

परतीच्या वाटेवर ती शांत झोपली. इंदूर जवळ आले तेव्हा जागी होऊन तिने चालकाला विचारले, की आज अमावास्या संपली, तर उद्यापासून कोणता महिना. तो म्हणाला, "मांजी, उद्यापासून तुमचाही कुंवार." आत्या म्हणाली, "होय. उद्यापासून एकच."